सुटं इंटरनेट: दुकानातल्या पीएम-वाणी वाय-फायबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात कन्ना चौकाजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दारावर 'इथे पीएम-वाणी वाय-फाय मिळेल, ५ रुपयांपासून' अशी पाटी लावली आणि झेरॉक्सपेक्षा प्रश्नच जास्त यायला लागले. काही प्रश्न गिऱ्हाइकांचे, काही आजूबाजूच्या दुकानदारांचे, काही नुसतेच टाइमपासवाल्यांचे. रोज तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून सगळं एकदाच लिहून काढलं.

वाणी म्हणजे किराणावाला का?

एका आजोबांनी हे खरंच विचारलं होतं. नाही. 'वायफाय ॲक्सेस नेटवर्क इंटरफेस' या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून हा शब्द केलाय. पण आजोबा चुकले असं मी म्हणणार नाही. किराणावाला तेलाचा डबा फोडून पावशेर तेल सुटं देतो. मी मोठं ब्रॉडबँड कनेक्शन घेतो आणि त्यातलं तासाचं, दिवसाचं इंटरनेट सुटं विकतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी या योजनेला मंजुरी दिली. त्याआधी २०१७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, तशी शिफारस केली होती आणि प्रयोगही करून पाहिला होता. त्या वेळी दोन रुपयांपासून वीस रुपयांपर्यंतच्या छोट्या कूपनांची कल्पना मांडली होती. शाम्पूचं पाऊच मिळतं तसं.

यात चार खेळाडू आहेत. माझ्यासारखा दुकानदार म्हणजे पीडीओ, पब्लिक डेटा ऑफिस. माझ्यासारख्या अनेकांचे हिशेब आणि लॉगिन सांभाळणारा तो ॲग्रिगेटर. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये ज्याचं ॲप असतं तो ॲपवाला. आणि या सगळ्यांची नोंद ठेवणारी मध्यवर्ती वही, जी सी-डॉट ही सरकारी संस्था सांभाळते. मुद्दा असा की ही सगळी कामं एकाच कंपनीने करायची गरज नाही. दुकान एकाचं, ॲप दुसऱ्याचं, तरी दोघांचं जुळतं, कारण जोडण्याची पद्धत सर्वांसाठी एकच आणि खुली आहे.

हे जुन्या एसटीडी बूथसारखंच झालं की!

अगदी तसंच. सरकारही हेच उदाहरण देतं. याच जागेत माझ्या वडिलांचा एसटीडी-पीसीओ होता. काचेची केबिन, आत लाल आकडे पळणारं मीटर, आणि रात्री दर उतरले की बाहेर रांग. गिरणीत, मागावर काम करणारी माणसं तेलंगणातल्या गावी फोन लावायची आणि मीटरकडे बघत बघत बोलायची. घरी फोन घ्यायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, तेव्हा बूथ कोपऱ्याकोपऱ्यावर होते, कारण ते चालवणारा माणूस गल्लीतलाच असायचा. फरक एवढाच की बूथसाठी मागे कंपनी एकच होती. आता मला कुणाकडूनही लाइन घेता येते.

मोबाइलमध्ये रोज दीड जीबी मिळतं, मग हे कशाला?

तुम्हाला पुरत असेल तर खरंच नको. उगाच घेऊ नका.

पण माझ्या दुकानात कोण येतं ते सांगतो. मागच्या जूनमध्ये घरकुल वसाहतीतून एक अक्का आल्या, सोबत बारावी झालेली मुलगी. अक्का विड्या वळतात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती असते, ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरावी लागते. घरात मोबाइल एक, तो मुलाकडे, तो कामावर. दुसऱ्या जुन्या फोनमध्ये सिम होतं पण रिचार्ज संपलेला. मेसेज तेवढे येत होते. महिन्याचा रिचार्ज मारायचा तर पैसे पुढच्या आठवड्यात, आणि फॉर्मला काम तासाचंच. मुलीने पाच रुपयांचं कूपन घेतलं आणि बाहेरच्या बाकड्यावर बसून स्वतः फॉर्म भरला. उत्पन्नाच्या दाखल्याची फाइल मर्यादेपेक्षा जड निघाली, ती मी लहान करून दिली. निघताना अक्कांनी विचारलं, "म्हणजे महिन्याचं भरायची गरज नाही?" नाही. सुट्या विक्रीचा उपयोग हाच.

दुसरी गोष्ट दरांची. २०१६ च्या सप्टेंबरनंतर मोबाइल डेटा झपाट्याने स्वस्त झाला, हे खरं. पण जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले तेव्हा तुम्ही कुठे जाणार होता? नंबर तसाच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ पासून आहे, पण तिघांचेही दर वाढले की बदलून उपयोग काय? गल्लीत चौथा पर्याय असला की गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी राहतं.

वापरायचं कसं?

वाणीचं कुठलंही एक ॲप घ्या. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका. जवळचे हॉटस्पॉट दिसतील, त्यातला निवडा, कूपन घ्या, जोडा. एकदा नोंदणी झाली की त्याच ॲपवर दुसऱ्या गावातल्या वाणी हॉटस्पॉटलाही जोडता यावं, अशी मूळ कल्पना आहे. माझा अनुभव विचाराल तर हे कधी सरळ चालतं, कधी ॲप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. त्याबद्दल मी ॲपवाल्यांना तीनदा लिहिलंय.

ॲप घ्यायलाच नेट लागतं. नेट असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?

बरोबर बोललात. हा या योजनेतला सगळ्यात हास्यास्पद दोष आहे. माझा तोडगा साधा आहे: काउंटरवर सांगा, मी माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट दोन मिनिटं चालू करतो, ॲप उतरवून घ्या. त्याचे पैसे घेत नाही.

स्टेशनवर फुकट मिळतं, तुम्ही पैसे का घेता?

स्टेशनवर पहिला अर्धा तास फुकट असतो, पुढे तिथेही प्लॅन घ्यावा लागतो. आणि त्याचा इतिहास बघा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेलने गूगलच्या साथीने वाय-फाय सुरू केलं, मग ते शेकडो स्टेशनांवर गेलं. २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेतलं. मागे रेलटेलसारखी रेल्वेची स्वतःची कंपनी आणि रुळांशेजारून गेलेली तिची फायबर होती, म्हणून ती सेवा टिकली. ज्याच्या मागे असं कोणी नसतं तिथलं फुकट वाय-फाय फीत कापल्यावर किती दिवस चालतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाटी राहते, राउटरचा दिवा विझतो, आणि तक्रार कुणाकडे करायची हेच कळत नाही.

पाच रुपये घेतले की माझ्यावर बंधन येतं. चाललं नाही तर गिऱ्हाईक काउंटरवर येऊन माझ्याशी भांडतं. भांडू द्यावं, त्यानेच ते चालू राहतं.

मलाही माझ्या दुकानात लावायचंय. लायसन्स लागतं का?

नाही. पीडीओला लायसन्स नाही, दूरसंचार विभागाकडे नोंदणी नाही, फीही नाही. फक्त ॲग्रिगेटरशी करार करायचा. ॲग्रिगेटर आणि ॲपवाल्यांना मात्र सरल संचार पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तीही मोफत.

लागतं काय? एक ब्रॉडबँड लाइन, वाणीला चालणारं वाय-फाय उपकरण आणि बसायला एक बाकडं. बाकडं विसरू नका. उभं राहून कोणी फॉर्म भरत नाही.

परवडतं का हो? खरं सांगा.

इथे जरा हिशेब करावा लागेल. सुरुवातीला सगळ्यात मोठी अडचण लाइनचीच होती. घरगुती लाइन दुकानातून विकायला कंपन्या तयार नसत, महागडी लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखीव लाइन, घ्या म्हणत. लीज्ड लाइनच्या बिलात पाच रुपयांची कूपनं कधीच बसत नाहीत. मग जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबरचे सगळे प्लॅन पीडीओलाही द्यायचे आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही.

समजा घरगुती प्लॅन ७०० रुपयांचा आहे. म्हणजे मला तो जास्तीत जास्त १,४०० ला. वर १८ टक्के जीएसटी, झाले १,६५२. समजा पाच रुपयांच्या कूपनातला एक रुपया ॲग्रिगेटर घेतो. माझ्या हातात चार. रोज एक कूपन खपलं तर महिन्याला १२० रुपये. म्हणजे रोज चौदा कूपनं खपली की लाइनचं बिल निघतं. पंधरावं माझं.

चौदा हा आकडा लहान वाटतो. कॉलेजजवळ, अभ्यासिकेजवळ, दवाखान्याबाहेर तो लहानच आहे. पण फक्त कपड्याचं दुकान असेल तर नाही जमणार. तिथे माणूस पाच मिनिटं थांबतो, त्याला वाय-फाय कशाला? उलट चहाची टपरी असेल तर लोक वाय-फायसाठी बसतात आणि दुसरा कटिंग मागवतात. माझ्याकडे वाय-फायमुळे येणारं गिऱ्हाईक प्रिंट काढूनच जातं. खरी कमाई तिथेच. नुसत्या कूपनांवर घर चालेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

लाइन घेताना काय बघू?

माझा गाढवपणा ऐका. पहिली लाइन घेताना समोरच्या माणसाने 'अनलिमिटेड' सांगितलं आणि मी सही केली. अठराव्या दिवशी वेग इतका उतरला की ओटीपीचं पानसुद्धा उघडेना. करारात बारीक अक्षरात मर्यादा लिहिलेली होती. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "वाचून सही करायची ना अण्णा." तेव्हापासून मी तीन गोष्टी विचारतो: किती जीबीनंतर वेग कमी होतो, कमी म्हणजे किती, आणि अपलोड किती? फॉर्म भरणाऱ्यांना डाउनलोडपेक्षा अपलोड लागतं, हे विकणारे कधी स्वतःहून सांगत नाहीत.

जाता जाता: जानेवारी २०२३ पासून ज्या लाइनचा किमान वेग २ एमबीपीएस आहे तिलाच सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणतात. त्याआधी ५१२ केबीपीएसलाही म्हणत. अजून कोणी जुनी व्याख्या ऐकवत असेल तर हसा.

घरचाच पासवर्ड शेजाऱ्यांना विकला तर?

नको. त्या लाइनवरून कोणी काही उलटसुलट केलं तर पोलिसांच्या कागदावर नाव तुमचं. वाणीत प्रत्येक जण आपल्या नंबरवर ओटीपी घेऊन आत येतो, कोण कधी जोडला याच्या नोंदी राहतात, आणि त्या भारतातच ठेवायचा नियम आहे.

दुकानाच्या मागच्या बोळात रेंज का नाही?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर शोधायला मला महिना लागला.

वाय-फायच्या लहरींचे मुख्य पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंत बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यात गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे चॅनल तिथे तीनच धरायचे: १, ६ आणि ११. आमच्या रांगेत मी मोजलं तर बारा-तेरा राउटर निघाले, आणि निम्मे एकाच चॅनलवर. बाजारात सगळे एकदम ओरडले की कुणाचंच ऐकू येत नाही, तसं. वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण एका जाड भिंतीतच दमतो.

आणि आपल्या पूर्व भागात भिंतीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे पत्रा. यंत्रमागाच्या शेडचा पत्रा लहरी सरळ परतवतो. माझ्या मागच्या बोळात दोन्ही बाजूंना पत्रेच आहेत. शेवटी मी दुसरं उपकरण ओट्याच्या वर, छपराखाली, सावलीत बसवलं आणि तिथपर्यंत केबल ओढली. सावलीत का, तर एप्रिल-मे मध्ये इथला पारा चाळीस ओलांडतो. उन्हात टांगलेलं पहिलं उपकरण दुपारी आपोआप बंद पडायचं आणि संध्याकाळी पाच वाजता जिवंत व्हायचं. दोन आठवडे मी कंपनीला शिव्या देत होतो. दोष खिळा कुठे ठोकला त्याचा होता.

या लहरींचे सरकारला पैसे द्यावे लागतात का?

नाही, आणि हा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. मोबाइल कंपन्या लिलावात कोट्यवधी रुपये मोजून स्पेक्ट्रम घेतात, मग तो पट्टा फक्त त्यांचा. वाय-फायचे पट्टे मात्र सामायिक, गावच्या गायरानासारखे: ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत राहा आणि कुणीही वापरा. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये असा खुला झाला, आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले. मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी मसुदा आला, तोही इमारतीच्या आत कमी ताकदीने आणि बाहेर अगदीच कमी ताकदीने वापरण्यापुरता. म्हणजे दुकानाच्या आत चालेल, ओट्यावर जेमतेम.

मोबाइल कंपन्यांची ओढ वरचा उरलेला भाग लिलावात जावा अशी आहे. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे: आम्ही पैसे भरतो, टॉवर उभारतो, आणि हे दुकानदार काही न भरता आमचं गिऱ्हाईक नेतात. दरांच्या आदेशालाही त्यांच्या संघटनेचा विरोध होताच. माझं मत असं की पाच रुपयांचं कूपन घेणारा माणूस त्यांचं गिऱ्हाईक नसतोच, त्या दिवशी तरी.

त्यापेक्षा अख्खं शहर एका चांगल्या कंपनीला देऊन टाकलं तर? सगळीकडे एकच नाव, एकच पासवर्ड.

ऐकायला छान वाटतं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं तेव्हा अशा गप्पा मीही मारल्या होत्या. पण एकाला दिलं की पुढच्या वर्षीचा दर तोच ठरवणार, आणि ज्या गल्लीत धंदा नाही ती शेवटी. पूर्व भागातल्या बोळांचा नंबर जुळे सोलापूरसारख्या नव्या वस्त्यांनंतर लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

एकच नाव, एकच लॉगिन हवं असेल तर त्याला मालक एक असण्याची गरज नाही. यूपीआय बघा. बँका शेकडो, ॲप वेगवेगळी, चहावाल्याचा कोड एकच. वाणी त्याच वळणाची आहे, फक्त तितकी मुरलेली नाही. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं उद्दिष्ट होतं. देश त्याच्या जवळपासही गेला नाही.

पालिकेने काय करावं? खांब, बागांच्या भिंती, बसथांब्यांची छपरं सर्वांना सारख्या भाड्याने द्यावीत, एकालाच नाही. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या मार्गाधिकार नियमांत, म्हणजे केबल आणि उपकरणं बसवायच्या परवानगीच्या नियमांत, रस्त्यावरच्या खांबांचा असा वापर करता येतो. कामगारांच्या रायनगरसारख्या वसाहतीत, जिथे जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या, दर चार-पाच इमारतींमागे एक पीडीओ निघाला तर तो तिथलाच कोणीतरी असेल. माग चालवणारा, नाहीतर भाजी विकणारी.

आमच्या गावात होईल का? मंगळवेढ्याच्या पुढे फायबरच नाही.

फायबरशिवाय वाय-फाय म्हणजे पाण्याशिवाय नळ. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ पासून चालू आहे. आता तिचं नाव भारतनेट. आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा की फायबरची पेटी बसवली आहे का आणि तिचा दिवा लागतो का. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

पेटी असेल तर पुढचा टप्पा हवेतून नेता येतो. मध्य प्रदेशातल्या चंदेरीत विणकरांसाठी असं बिनतारी जाळं उभं केलं गेलं. आपल्या राज्यात आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यातल्या खेड्यांत 'ग्राम मार्ग' प्रकल्प केला, त्यात टीव्हीच्या रिकाम्या लहरींचाही प्रयोग झाला. २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. स्पेनच्या कॅटलोनियात तर २००४ पासून 'गिफी' नावाचं जाळं लोकांनीच उभारलंय, ज्याची गच्ची त्याचा अँटेना. चंदेरीचं वाचल्यावर मला आपल्या चादरवाल्यांची आठवण आली. २००५ पासून भौगोलिक मानांकन असलेली सोलापुरी चादर, आणि मागवाला डिझाइनचे फोटो पाठवायला माझ्या दुकानात येतो.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मोबाइलला नेटवर्क असतं, पण चालत काहीच नाही. का?

टॉवरची क्षमता त्याच्या टप्प्यातल्या सगळ्यांना वाटून घ्यावी लागते. होम मैदानावर हजारो लोक एकाच वेळी नंदीध्वजांचा व्हिडिओ पाठवायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला थेंब येतो. आषाढीला पंढरपुरात तर विचारूच नका. छोटे छोटे वाय-फाय पसरून ठेवले तर गर्दी विभागली जाते. एका राउटरने मात्र काही होत नाही. यंदा यात्रेत एका दुकानदाराला मी हे समजावत होतो, तोवर त्याच्या राउटरला साठ मोबाइल चिकटले आणि तो बसला.

यावरून बँकेचं काम करावं का?

बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून केलं तर सहसा अडचण नाही, मधली वाट कुलूपबंद असते. पण ब्राउझरने सुरक्षेची सूचना दाखवली तर पुढे जाऊ नका. आणि जोडताना हॉटस्पॉट ॲपमधूनच निवडा. दुकानाच्या नावासारखं नाव ठेवून खोटं वाय-फाय उभं करणं पोरखेळ आहे. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाचा मोबाइल दुसऱ्याला दिसू नये अशी सेटिंग चालू आहे. तुम्ही लावाल तेव्हा तीच आधी चालू करा.

रेडिएशनचं काय?

वाय-फायची ताकद मुळातच मर्यादेत ठेवलेली असते. कानाला लावलेला मोबाइल तुमच्या जास्त जवळ असतो.

लाईट गेली तर?

राउटर आणि फायबरची डबी बारा व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर आहेत, तीन तास निघतात. प्रिंटर नाही निघत. त्यामुळे लाईट गेल्यावर फॉर्म भरता येईल, प्रिंट नंतर.

दुकान बंद झाल्यावर वाय-फाय चालू असतं का?

अकरापर्यंत. आधी रात्रभर चालू ठेवत होतो. मग ओट्यावर भरतीची तयारी करणारी चार-पाच पोरं बसायला लागली, टेस्ट सोडवत. एक वाजता त्यांचं हसणं खिदळणं वाढलं की वरच्या काकू खिडकी उघडून माझं नाव घ्यायच्या. आता अकराला टायमरने बंद होतं. पोरांनी परवा विचारलं, परीक्षेच्या महिन्यात बारापर्यंत वाढवाल का? काकूंना विचारून सांगतो म्हटलंय.